कोठ्यातली १९३३ची रोल्स-रॉइस : चालवून पाहिलेल्याचं मत

"भाऊ, गाडी पाहून सांगा, ठेवाची का विकाची," असा निरोप आर्वीकडच्या एका वाड्यातून आला, तेव्हा मला वाटलं जुनी ॲम्बेसेडर असेल. फार तर लँडमास्टर. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढलेला माणूस मी. निवृत्तीनंतर लोक अशाच गाड्या दाखवायला बोलावतात, चहा पाजतात आणि शेवटी भंगारात किती येतील तेवढं विचारतात.

गाडी जनावरांच्या कोठ्यात होती. पुढं कुटाराची पोती, वर कोंबड्यांची खुराडी, बाजूला मोडकं डवरं. पोती सरकवली तर आतून उभा, धारदार कडांचा रेडिएटर निघाला. वर रोल्सच्या गाड्यांवर असते ती बाईची छोटी बाहुली नव्हती, पण दोन आर एकमेकांत अडकलेले दिसले आणि मी पुढं काही बोललोच नाही. वाड्यातल्या वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाहा तुमी, पण रंगाचं बोलू नका. जो येते त्याले रंगच दिसते."

हे मत आठ महिन्यांचं आहे. गाडी उघडली, साफ केली, सुरू केली आणि चालवली, म्हणून लिहितो.

गाडी रोल्स-रॉइस २०/२५, १९३३ची. हे मॉडेल कंपनीनं इंग्लंडातल्या डर्बीच्या कारखान्यात १९२९ ते १९३६ या काळात बनवलं, सगळे मिळून ३,८२७ नग. आजच्या हिशेबानं एवढ्या मोटारसायकली एखाद्या तालुक्याला दिवाळीत खपतात. इंजिन सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं, ३,६६९ सीसी. कंपनी तेव्हा फक्त चासी, इंजिन आणि रेडिएटर द्यायची. वरची बॉडी ज्यानं त्यानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची, एसटीच्या चासीवर बॉडी चढते तशीच. या गाडीची बॉडी लंडनच्या हूपर कंपनीची. ॲश नावाच्या विलायती लाकडाचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, ड्रायव्हर आणि मालक यांच्या मध्ये काच.

दाराच्या उंबऱ्यावर हूपरची पितळी पट्टी आहे आणि गावातली सगळी दंतकथा त्या पट्टीतून निघाली. हूपर हे इंग्लंडच्या राजघराण्याचे बॉडी बांधणारे, म्हणून पट्टीवर राजाचं चिन्ह आणि त्याच्या नेमणुकीचा मजकूर. पन्नासेक वर्षांपूर्वी गावातल्या कोण्या इंग्रजी वाचणाऱ्यानं तो वाचला आणि गावभर झालं, की गाडी इंग्लंडच्या राजाची. पुढं राजाचा गव्हर्नर झाला, गव्हर्नरनं म्हणे जुगारात हरली. मी गेलो तेव्हा चौथा अवतार चालू होता, त्यात एक वाघही होता.

खरं काय ते कागदावरून कळलं. रोल्सच्या प्रत्येक चासीचं कारखान्यात कार्ड असायचं. ऑर्डर कधी आली, चासीची चाचणी कधी झाली, बॉडी कोणाकडे गेली, पहिला मालक कोण, सगळं त्यावर. ही जुनी कार्डं आज इंग्लंडात या गाड्यांच्या शौकिनांच्या क्लबानं सांभाळली आहेत. चासी नंबर कळवून फी भरली की नक्कल येते. २०/२५चे सगळे चासी नंबर जी अक्षरानं सुरू होतात, आणि १३ आकडा कंपनी टाळायची. आपल्याकडे अमावास्येला ट्रॅक्टर घेत नाहीत, तर साहेब लोकंही काही वेगळे नव्हते. आमचा नंबर चासीवरच्या मळाखाली होता, रॉकेल आणि जुना बनियन लावून दोन तासांत वाचता आला.

नक्कल आली तेव्हा वाड्याच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं. वहिनींच्या पोरानं वाचून दाखवलं. पहिला मालक राजा नाही, गव्हर्नर नाही. मुंबईतला एक इंग्रज कापूसवाला. गावाचा चेहरा असा पडला, जसा पोळ्याला बैल बसून गेला.

वहिनींचे आजेसासरे मालगुजार, म्हणजे इंग्रजांच्या काळातले गावाचे जमीनमालक, सारा गोळा करून सरकारला भरणारे. लक्षात घ्या, वर्धा, नागपूर, चांदा, भंडारा इकडं मालगुजारी, वऱ्हाडात नाही. त्यांनी ही गाडी १९३८ मध्ये त्या साहेबाकडून जुनी म्हणून घेतली. मुंबईहून पुलगावपर्यंत मालगाडीच्या उघड्या डब्यात आली. पुढं पुलगाव-आर्वीची छोटी लाइन होती, पण त्या डब्यात रोल्स बसण्यासारखी नव्हती, म्हणून पुलगावपासून ड्रायव्हरनं चालवत आणली. हे सांगतात त्या ड्रायव्हरचे चिरंजीव, आता ऐंशीच्या घरात. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. त्यांच्याकडे बापाची पेट्रोलची वही आहे, मोडी लिपीत. आर्वीतले एक निवृत्त तलाठी मोडी वाचतात. तीन रविवार बसून त्यांनी वही वाचून दिली, मी लिहून घेतली.

मला विचाराल तर या गाडीचा सगळ्यात मोलाचा सुटा भाग ती वही आहे. तारीख, गॅलन, कुठं गेली. लग्नं, देव, नागपूरची कोर्टं. सेवाग्रामच्या नोंदी तर वाचतच राहाव्या अशा. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले, तेच पुढं सेवाग्राम झालं. मालगुजार खादी घालून दर्शनाला जात. पण वहीत दर वेळी लिहिलंय, "वर्धा, गाडी व्याह्याकडे ठेविली, पुढे दमणी." म्हणजे रोल्स वर्ध्यात लपवायची आणि बापूंसमोर बैलाच्या दमणीतून उतरायचं! काकाजी हे सांगताना इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

लढाईच्या वर्षांत पेट्रोलला कूपन. त्या काळात गाड्यांच्या मागं कोळशाच्या गॅसचे बंब बसवत. या गाडीला कोणीतरी तसा बंब सुचवला होता आणि ड्रायव्हरनं नोकरी सोडायची धमकी दिली, म्हणून मागचा पत्रा आज शाबूत आहे. १६ ऑगस्ट १९४२ला आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं शहीद झाली. आष्टी इथून लांब नाही. त्या तारखेनंतर वहीची सात पानं कोरी आहेत. तलाठीसाहेब ती पानंही एकेक करून उलटत होते, वाचत असल्यासारखी.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. नंतर जमिनीवर सीलिंग आलं. वहीतली शेवटची नोंद १९६४ची, "आर्वी, दवाखाना". त्यानंतर गाडी कोठ्यात. नोंदणीचं पुस्तक पाहिलं तर मजा वाटते. इथला पहिला नंबर सी.पी.चा, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड. मग मध्यप्रदेश, राजधानी नागपूरच. १९५६ला मुंबई राज्य, १९६०ला महाराष्ट्र. गाव तेच, वाडा तोच, आणि गाडीनं चार राज्यं केली.

आता वस्तू कशी आहे ते.

रंग काळा, खाली गर्द लाल पट्टी. जुना सेल्युलोजचा रंग, उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारखा भेगाळलेला. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेवर रंगच नाही, खाली ॲल्युमिनियम चमकतं, कारण काकाजींचे वडील डावा-उजवा कोणताही हात रिकामा झाला की तिथं टेकवत. ही जागा मी रोज पाहायचो. पॉलिशवाल्याला पन्नास हजार दिले तरी असा घासलेला पत्रा करून मिळणार नाही.

पुढच्या सीटचं कातडं फाटलंय, आतून घोड्याचे केस बाहेर आलेत. मागची सीट कापडी. कसरीनं खाल्ली, पण बसलं की अजून खाली ओढून घेते. मागच्या खिडक्यांना पडदे होते, ते बायकांसाठी. पडद्यांच्या पितळी दांड्या आहेत, कापड गेलं. सांगाड्याला डाव्या मागच्या खांबात उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. १९५०च्या सुमारास गावच्या वाढ्यानं, म्हणजे सुतारानं, तो खांब सागवानात करून बसवला, तोही असा की जोड शोधायला मला टॉर्च लागला. उधईनं बाकी विलायती लाकूड चाखलं, सागाला तोंड लावलं नाही. आता मुंबई-पुण्याकडचे जाणकार म्हणतात हा साग काढा, ॲशचं लाकूड घाला, ओरिजिनल करा. अहो, हा साग गाडीत पंचाहत्तर वर्षं आहे. ॲशचं लाकूड त्याच्यापेक्षा सतराच वर्षं जुनं.

रेडिएटरवरची अक्षरं काळी आहेत. रॉइस साहेब वारले म्हणून लाल अक्षरं काळी केली, ही गोष्ट तुम्हालाही कोणी सांगितली असेल. हेन्री रॉइस २२ एप्रिल १९३३ला वारले, हे खरं. पण अक्षरं काळी करायचं त्यांच्या हयातीतच सुरू झालं होतं, लाल रंग गिऱ्हाइकाच्या बॉडीच्या रंगाशी जुळत नाही म्हणून. आणि बाहुलीचं सांगायचं तर एका व्यापाऱ्यानं ती "भेट" म्हणून आणली होती, गाडीचा सौदा पक्का व्हावा म्हणून. आणली ती गुडघ्यावर बसलेली. बसलेली बाहुली निघाली १९३४ला, आणि आमची गाडी १९३३ची! त्या काळी बाहुली वेगळे पैसे देऊन घ्यायची वस्तू होती, त्यामुळे नुसतं झाकण असलेला रेडिएटर चूक नाहीच. भेट परत पाठवली. चहा मात्र पाजला.

इंजिन मेलंय असं घरचे तीस वर्षं धरून चालले होते. कारण पोरांनी एकदा मागच्या टाकीत पाच लिटर पेट्रोल टाकून, नवी बॅटरी लावून खूप फिरवलं आणि हूं नाही की चूं नाही. झालं काय होतं, या गाडीला पेट्रोल पंपच नाही. इंजिनच्या मागं भिंतीवर ऑटोव्हॅक नावाची छोटी टाकी आहे. इंजिन चालू झालं की त्याच्या ओढीनं ती मागच्या टाकीतून पेट्रोल खेचते. पण पहिल्यांदा ती टाकीच कोरडी असेल तर इंजिन चालू कसं होणार? वरून नट काढून तिच्यात हातानं पेट्रोल भरावं लागतं. आमच्याकडं हापशात वरून तांब्याभर पाणी ओततात, तोच न्याय.

मी मात्र घाई केली नाही. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं, महिनाभर तसंच ठेवलं. रोज सकाळी पुढचं हँडल लावून जोर द्यायचा. अठराव्या दिवशी करंगळीएवढं हललं. ब्लॉकचं पाणी सोडलं तर मागच्या दोन सिलिंडरांभोवतीच्या जॅकेटातून दीड घमेलं चिखल निघाला. या इंजिनात गाळ मागच्या बाजूलाच बसतो. तो न काढता चालवलं असतं तर गरम होऊन हेड गेलं असतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तेवढ्या बदलल्या, त्याही कापडी वेष्टणाच्या शोधून. होजपाइप, पट्टा, बॅटरी नवी. १९ इंची टायर बाहेरून मागवावे लागले. आकडा वहिनींना माहीत आहे, कोणाला सांगू नका म्हणाल्या. बाकी जे चालत होतं त्याला हात लावला नाही.

सुरू करायची रीत अशी. स्टिअरिंगच्या मधोमध तीन छोट्या दांड्या आहेत. एक पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची, एक इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढं-मागं करायची, एक हातानं रेस धरायची. मिश्रण दाट, इग्निशन लेट, मग स्टार्टर. ठिणगी देणारी कॉइल दगा देईल तर बॅटरीशिवाय ठिणगी देणारा मॅग्नेटो वेगळा ठेवलाय, वायरी बदलून लावायच्या. पहिल्या दिवशी तीन वेळा फुसकुली आणि चौथ्याला सुरू. मी बोनेट उघडून कान लावला तर काकाजी म्हणाले, "कानानं नाई समजत जी. बाबा म्हणत, हात ठिवून पाहा." हात ठेवला. मांजर गुरगुरतं तेवढंच. तीस वर्षं लेलँडच्या इंजिनासमोर ओरडून बोललेला माणूस मी, ओसरीवरच्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं याचंच मला नवल.

डिसेंबरात, कापूस वेचायला आला तेव्हा, आर्वी रोडवर चालवली. गिअरची दांडी उजव्या हाताला, गुडघ्याला चिकटून. तिसऱ्या-चौथ्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आपसूक जुळवून घ्यायची सोय, आहे, पहिल्या-दुसऱ्याला नाही, तिथं डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा. एसटीवाल्याला हे सांगावं लागत नाही. पण उजव्या हातानं मारायचा म्हटलं की वीस वर्षांची सवय उलटी करावी लागते. पहिल्या दोन किलोमीटरला मी असा घर्र आवाज काढला की काकाजींनी तोंड खिडकीकडं फिरवलं. एकदा चौथ्यात पडली की गिअर विसरून जा. माणूस चालतो त्या वेगापर्यंत चौथ्यात खाली येते आणि पुन्हा न कुरकुरता उचलते. खड्ड्यातून दणका येतो, पण तो दुसऱ्याच्या घरात झाल्यासारखा. पायाशी एक पेडल आहे, ते दाबलं की चासीच्या सगळ्या सांध्यांना एकदम तेल जातं. आपल्या गाड्यांना हे का नाही, हा प्रश्न मी ग्रीसची बंदूक घेऊन खड्ड्यात झोपलेल्या प्रत्येक मेकॅनिकच्या वतीनं विचारतो.

ब्रेकबद्दल मात्र नीट ऐका. चारही चाकांना ब्रेक आहे, आणि पायाला मदत करणारा सर्व्हो गिअरबॉक्सवर फिरतो. गाडी पळत असली की बोटानं दाबल्यासारखी थांबते. पण गाडी अगदी सावकाश असली की सर्व्होही सावकाश फिरतो, आणि पकडायला क्षणभर उशीर करतो. वाड्याच्या फाटकात शेळ्या आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला, आणि गाडी हात-दीड हात निवांत पुढं गेली. शेळ्या शहाण्या होत्या. ज्याला हे माहीत नाही त्यानं गर्दीत ही गाडी न्यायची नाही.

दुसरी तक्रार ड्रायव्हरच्या जागेची. मधली काच पक्की, सीट मागं सरकत नाही. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. मागं मालक पाय पसरून बसणार आणि पुढं ड्रायव्हर उकिडवा. हूपरच्या कारागिरानं ड्रायव्हर कधी माणसात धरलाच नाही. काकाजींचे वडील शेवटी पायानं अधू झाले होते. त्याचं कारण मला त्या सीटवर बसल्यावर कळलं, असं मी काकाजींना म्हणालो नाही.

पेट्रोल लिटरला पाच-सहा किलोमीटर. कॉम्प्रेशन कमी असल्यानं कसलंही पेट्रोल चालतं, पण आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला खातं आणि उभ्या गाडीत पाणी धरतं. त्यामुळं फिरवून आणली की टाकी रिकामी करून ठेवतो. एप्रिल-मे मध्ये आपल्या वर्ध्याच्या उन्हात बाहेर काढायचीच नाही. रेडिएटरच्या झडपा गरमीनं आपोआप उघडतात, पण उघडून बाहेरून पंचेचाळीस डिग्रीची हवा आत येणार असेल तर झडप बिचारी काय करेल.

आता रंगाचं. वहिनींनी बोलू नका म्हटलं तरी बोलतो, कारण मोठ्या शहरातला एक कारखानदार येऊन गेला. रंग, क्रोम, नवं कातडं, आत एसी, आणि "कोरी करकरीत" करून देतो म्हणाला. घरातल्या पोरांना ते पटलं होतं. लग्नाच्या वरातीला भाड्यानं देऊ, आर्वी-पुलगाव-धामणगावात मागणी आहे, खर्च दोन सीझनमध्ये निघेल, असा त्यांचा हिशेब. मी त्यांना २०२१चा केंद्राचा नियम दाखवला. ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्यानं नोंदवली तर व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि धंद्याला वापरता येत नाही. वरात गेली. पोरं दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत.

माझं म्हणणं नियमापुरतं नाही. चालण्यासाठी जे लागतं ते बिनधास्त करा. टायर, ब्रेक, पाणी, वायर. ते आम्ही केलं. पण नवा रंग मारला की ती घासलेली कड जाते. सीट नवी केली की मागच्या डाव्या कोपऱ्यातला तो खोलगट भाग जातो, जिथं मालगुजारीण बसायच्या. साग काढला की वाढई जातो. मग उरतं काय? ३,८२७ मधली एक चकचकीत गाडी, जिच्यासारख्या कितीतरी चकचकीत गाड्या जगात आहेत. आर्वीकडची ही एकच.

पाचपैकी किती असं विचारलं तर चार. एक ड्रायव्हरच्या गुडघ्यांसाठी कापला.

पाहायला यायचं असेल तर कोणाच्या तरी ओळखीनं या, आणि गुरुवारी येऊ नका, त्या दिवशी वहिनी आर्वीच्या बाजाराला जातात. चप्पल कोठ्याबाहेर काढावी लागते. काकाजी असले तर दाराच्या कडेला हात लावू देत नाहीत. फोटो काढा. सध्या गाडीखाली चार लाकडी ठोकळे आहेत, टायरवर भार नको म्हणून. आणि मागच्या सीटवर एक कोंबडी बसलेली दिसेल, तिला हाकलू नका. ती खुडूक आहे, अजून नऊ दिवस आहेत.